स्लॅबच्या दिवशी साइटवर उभं राहून नेमकं काय बघायचं?

आजचा भाग नेहमीपेक्षा जरा लांब होणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. बसमध्ये किंवा लोकलमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, कारण मध्ये मध्ये आकडे येणार आहेत.

एका श्रोत्या ताईचा व्हॉइस मेसेज आलाय. ती म्हणते, "दादा, मी हिंजवडीत नोकरी करते. गावाकडे बाबा घर बांधतायत. पुढच्या रविवारी स्लॅब आहे. बाबा म्हणतात तू ये, कुणीतरी घरचं उभं पाहिजे. पण मला त्यातलं काही कळत नाही. मी सुट्टी टाकून जाऊ का? आणि जाऊन करू काय?"

मी म्हणेन, जा. नक्की जा. बाकीच्या कामाला नाही गेलात तरी चालेल, पण स्लॅबला जा. त्याचं कारण सांगतो. प्लास्टर खराब झालं तर खरवडून पुन्हा करता येतं. फरशी आवडली नाही तर उखडता येते, रंग तर काय, दर दिवाळीला बदला. स्लॅबचं तसं नाही. सकाळी आठला मिक्सर सुरू होतो, संध्याकाळी पाचला सगळं संपतं, आणि त्या आठ-नऊ तासांत जे काही झालं ते पुढची पन्नास वर्षं डोक्यावर राहतं. आत काय झालंय ते नंतर दिसतसुद्धा नाही. बाबांचा पीएफ, तुमचं कर्ज, आईचं सोनं, सगळं त्या एका दिवसात ओतलं जातं.

तुम्ही इंजिनिअर नाही, ठीक आहे. स्लॅबची जाडी किती, सळई किती, हे तुम्ही ठरवायचंच नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, आणि त्याचं ड्रॉइंग साइटवर असलंच पाहिजे. "मिस्त्रीला सगळं तोंडपाठ आहे" हे उत्तर घेऊ नका. पण ड्रॉइंग चांगलं असूनही स्लॅब बिघडतात, आणि ते ज्या गोष्टींमुळे बिघडतात त्या बघायला डिग्री लागत नाही.

आधी अंदाज यावा म्हणून एक हिशोब करू. समजा १००० स्क्वेअर फुटांचा स्लॅब आहे, ५ इंच जाडीचा. बीम सोडून नुसत्या स्लॅबचं काँक्रीट झालं साधारण १२ घनमीटर. एका घनमीटरला सिमेंटच्या साधारण ८ गोण्या धरा, म्हणजे जवळपास १०० गोण्या. आणि वजन? एक घनमीटर म्हणजे अडीच टन. १२ घनमीटर म्हणजे ३० टन. हे ३० टन ओलं, हलणारं ओझं त्या दिवशी फक्त प्लेटा आणि टेकूंवर उभं असतं. वर पंधरा-वीस माणसं चालतायत, व्हायब्रेटर थरथरतोय, ते वेगळंच.

म्हणून पहिली नजर खाली. शनिवारी संध्याकाळी पोहोचलात की सेंट्रिंगच्या खाली जाऊन फिरा. टेकू सरळ उभे आहेत का? भरावाच्या मऊ मातीवर टेकू तसाच ठेवलाय का, की खाली फळी दिलीय? विटांचे तुकडे एकावर एक रचून टेकूची उंची वाढवलीय असं दिसलं तर तिथेच थांबवा. टेकूंना आडवे बांध आहेत का तेही बघा. मग वर या आणि प्लेटांच्या फटी बघा. फटीतून सिमेंटचं पाणी गळून जातं, नुसती खडी मागे उरते, आणि सेंट्रिंग काढल्यावर तिथे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. टेप किंवा प्लास्टिकने फटी बंद करायला अर्धा तास लागतो. प्लेटांना तेल लावायचं असतं ते सळई बांधण्याआधी. सळई बांधल्यावर कुणी वरून तेल शिंपडत असेल तर ते सळईवर पडतं, आणि तेलकट सळईला काँक्रीट धरत नाही.

आता सळई. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळ्या चुकांनी घर खराब होतं, या चुकीने माणूस जातो.

काँक्रीट दाबायला मजबूत आणि ताणायला कमकुवत. खडूची कांडी घ्या, उभी दाबा, काही होत नाही. वाकवा, टचकन तुटते. काँक्रीटचंही तसंच. म्हणून जिथे ताण येतो तिथे सळई घालतात. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकतो, म्हणजे ताण खालच्या बाजूला, म्हणून मुख्य सळई खाली. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

पण गॅलरी घ्या. एका बाजूनेच धरलेली, दुसरी बाजू हवेत. आपण तिच्यावर उभे राहिलो की ती टोकाकडून खाली वाकू बघते, म्हणजे ताण येतो वरच्या बाजूला. म्हणून गॅलरी आणि छज्जा, जे जे बाहेर लटकलेलं आहे, त्याची मुख्य सळई वर असते. स्लॅब बीमवरून पलीकडे जातो तिथेही वर सळई असते, मिस्त्री लोक तिला 'एक्स्ट्रा' म्हणतात. हे नाव मला अजिबात आवडत नाही. एक्स्ट्रा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, असली तर बरं, नसली तरी चालेल. गॅलरीत तीच सळई गॅलरीला धरून ठेवते.

शनिवारी ही सळई वर असते, रविवारी सकाळी लोक त्यावरून चालायला लागतात. घमेली घेऊन, गमबूट घालून, दिवसभर. खाली आधार नसेल तर ती सळई पायाखाली दबत दबत खाली बसते. वरून काँक्रीट पडलं की काही दिसत नाही. हिशोब बघा. ५ इंचाच्या गॅलरीत सळई नीट वर असेल तर तिची खालच्या पृष्ठभागापासूनची उंची साधारण १०० मिलिमीटर. ती दबून ४० मिलिमीटर खाली गेली तर उरले ६०. गॅलरीची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते, म्हणजे चाळीस टक्के गेली. आणि पूर्ण खाली प्लेटेला जाऊन टेकली तर सळई असून नसल्यासारखी. अशी गॅलरी सेंट्रिंग काढताना लगेच पडेलच असं नाही. पुढे कधीतरी लग्नाची वरात बघायला दहा जण एकदम तिथे उभे राहतात, तेव्हा तिची परीक्षा होते.

यावर उपाय आहे चेअर. सळईचीच वाकवून केलेली छोटी घोडी, वरची सळई तिच्यावर टेकते. साधारण दर तीन फुटांवर एक हवी, गॅलरीत त्याहून जवळ. आणि चालण्यासाठी सळईवर फळ्या टाकायच्या. हे दोन्ही शनिवारीच मागून घ्या. तपासायची पद्धत सोपी आहे: गॅलरीच्या सळईवर स्वतः पाय देऊन उभे राहा. लवली आणि खाली गेली, तर चेअर कमी आहेत.

खालच्या सळईला कव्हर ब्लॉक. स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५ ते ३०, कॉलमला ४०, फुटिंगला ५०, हे लक्षात ठेवा. हे ब्लॉक सिमेंटचे किंवा प्लास्टिकचे चांगले मिळतात. दगडाची चीप किंवा फरशीचा तुकडा नको, ते सरकतात. कव्हर कमी पडलं की आठ-दहा वर्षांत सळई गंजते, गंज फुगतो, आणि छताचे पोपडे पडायला लागतात. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे दुप्पट लक्ष देऊन ऐका. खाऱ्या हवेत आपलं बांधकामाचं मानक, म्हणजे आयएस ४५६, काँक्रीटची ग्रेडही वाढवायला सांगतं आणि कव्हरही. मी सांगितलेले आकडे घाटावरच्या साध्या हवेतल्या घराचे आहेत. तुमच्यासाठी ड्रॉइंगवर जे लिहिलंय ते बघा.

लाइटचे पाइप स्लॅबमध्ये टाकतात ते सगळे एकाच ठिकाणी गोळा झाले असतील, तर इलेक्ट्रिशियनला पसरवायला सांगा. पाच-सहा पाइपांची जुडी म्हणजे तिथे काँक्रीटला जागाच नाही. हे लहान काम आहे, पण सोमवारी होत नाही.

चला, आता रविवार सकाळ. नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला. आता लक्ष फक्त एका गोष्टीवर. पाणी.

मिक्सरजवळ जो माणूस पाणी टाकतो ना, त्या दिवशी तुमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते, हे डफ अब्राम्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९१८ सालीच मांडलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपल्या साइटवर पाणी अंदाजानेच पडतं. एम २० ग्रेडच्या काँक्रीटला, जे आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या कामासाठी कमीत कमी ग्रेड आहे, सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. या तीसमध्ये वाळूत आधीच असलेलं पाणीही आलं. वाळू ओलसर असेल तर एका गोणीच्या मालात तीन-चार लिटर पाणी वाळूतूनच येतं. म्हणजे वरून टाकायचं २६-२७ लिटर.

प्रत्यक्षात काय होतं? माल घट्ट वाटतो, घमेल्यातून उतरत नाही, मग अर्धी बादली अजून. समजा २५ लिटरचं प्रमाण धरून चाललेल्या मालात १० लिटर जास्त पडलं. तर पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५ वरून ०.७ वर गेलं, आणि ताकद एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त घटली. सिमेंट तेवढंच, पैसे तेवढेच. फक्त दहा लिटर पाणी. हे जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये बारीक बारीक पोकळ्या सोडून जातं. पावसाळ्यात गच्ची गळते ती पुष्कळदा याच वाटेने.

आता यात स्लॅबच्या गँगला शिव्या घालून उपयोग नाही. त्यांचं काम उक्तं असतं. किती लवकर संपवलं यावर त्यांची मजुरी परवडते की नाही ते ठरतं. पातळ माल पटकन पसरतो, हात कमी दुखतात. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही पाणी टाकलं असतं. म्हणून भांडणापेक्षा व्यवस्था करा. पाण्यासाठी मापाची बादली ठेवा, आतून खूण केलेली. ठेकेदाराला आदल्या दिवशीच सांगा की प्लास्टिसायझर आणा. हे एक द्रव रसायन असतं, सिमेंटच्या वजनाच्या प्रमाणात अगदी थोडं घालायचं, डब्यावर किती ते लिहिलेलं असतं. त्याने पाणी न वाढवता माल सैल होतो. आणि मिस्त्रींना म्हणा, "मामा, माल घट्ट वाटला तर मला हाक मारा, पाणी टाकू नका, औषध टाकू." साइटवर त्याला औषधच म्हणतात. मान देऊन सांगितलेलं बहुतेक वेळा ऐकलं जातं.

माल बरोबर आहे हे ओळखायचं कसं? शास्त्रीय पद्धत स्लम्प टेस्टची. ३० सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू भरायचा, वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. घराच्या स्लॅबला ५० ते १०० मिलिमीटर बसला तर ठीक. शंकू नसेल तर घमेलं उपडं करा. माल ढिगासारखा थोडा वेळ तरी उभा राहिला पाहिजे. ताकासारखा पसरला आणि कडेने पाणी वेगळं निघालं, तर तो परत पाठवा. हो, परत. पहिलं एक घमेलं परत गेलं की दिवसभर सगळे नीट वागतात.

वाळू-खडीचं मापही तिथेच बघा. १ : १.५ : ३ म्हणतात ते मापाने, आणि सिमेंटची एक गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. त्या मापाचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घेतला, ३० बाय ३० बाय ३९ सेंटिमीटरचा, की दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. घमेल्याने मोजलं तर सकाळी घमेलं शिगोशीग भरतं आणि दुपारी अर्धं, कारण माणूस दमतो. ड्रॉइंगवर एम २५ किंवा वरची ग्रेड असेल तर हे मापाचं गणित चालत नाही, मग लॅबमधून मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं. आणि मिक्सरमध्ये सगळं पडल्यावर कमीत कमी दोन मिनिटं फिरू द्या. घड्याळ लावा, फोन हातात आहेच.

पाण्याचा प्रकार एका वाक्यात: जे पाणी पिता येतं ते चालतं. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर टँकर मागवा, कारण त्यातलं मीठ सळई खातं. सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यात बनलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं किंवा हाताला खडे लागणारं सिमेंट स्लॅबला नको.

रेडीमिक्स मागवलं असेल तर वरचं मोजमाप तुमच्या डोक्यावरून गेलं, पण पाण्याची गोष्ट गेली नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, माल घट्ट होतो, आणि साइटवर पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडलं जातं. तसं करू द्यायचं नाही. गाडीसोबतच्या चलनावर माल भरल्याची वेळ असते. सर्वसाधारण नियम दोन तासांचा. ग्रेडही त्याच कागदावर असते, ती वाचा आणि फोटो काढून ठेवा.

आता टाकण्याचा क्रम. स्लॅब लांबच्या टोकाकडून सुरू करून एका बाजूने पट्ट्या-पट्ट्याने पुढे यायचं. थोडं इथे, थोडं तिथे, असं नाही. का? कारण टाकलेल्या काँक्रीटची कड उघडी राहून आवळली, आणि मग तिला चिकटून नवीन माल टाकला, तर दोन्ही एकजीव होत नाहीत. याला कोल्ड जॉइंट म्हणतात. वरून दिसत नाही, पहिल्या पावसात खालून ओल सरळ रेषेत दिसते. मे महिन्याच्या दुपारी, लातूर-परभणीच्या उन्हात, उघडी कड पाऊण-एक तासातसुद्धा आवळायला लागते.

आणि गंमत म्हणजे हा जॉइंट बऱ्याचदा जेवणाने पडतो. स्लॅबच्या दिवशी गँगला जेवण घालायची आपली पद्धत चांगली आहे, घालाच. पण एक वाजता सगळे एकदम पंगतीला बसतात, वरून गोड असतं, नंतर तंबाखू मळली जाते, आणि तास-सव्वा तास कड उन्हात. म्हणून दोन पंगती करा. अर्धे जेवतात, अर्धे काम करतात. आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे स्वयंपाकाचं नियोजन तसं होईल. माझ्या मते ही एक सूचना पाळली तरी पुष्कळ गळक्या गच्च्या वाचतील.

मिक्सर बंद पडला तर? हा प्रश्न शनिवारी विचारायचा असतो. दुसरा मिक्सर जवळपास कुणाकडे आहे, व्हायब्रेटरची जास्तीची सुई आहे का, डिझेल पुरेसं आहे का. तरीही थांबावंच लागलं तर कुठे थांबायचं ते इंजिनिअरला फोन करून विचारा. साधारण गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, उभी फळी लावून, कड सरळ ठेवून थांबतात. बीमच्या तोंडाशी नाही, आणि गॅलरीच्या मुळाशी तर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी ती कड टोचून खडबडीत करायची, धुवायची, सिमेंटची स्लरी लावायची आणि मगच पुढचा माल.

व्हायब्रेटर कमी वापरला तर जाळी पडते, जास्त वापरला तर खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. सुई उभी घालायची, दहा-पंधरा सेकंद, बुडबुडे थांबले की हळू वर काढायची, मग फूट-दीड फुटावर पुढची जागा. बीम आणि कॉलम जिथे भेटतात तिथे सळईची इतकी गर्दी असते की माल आत जातच नाही. त्या जागांवर तुम्ही स्वतः जाऊन उभे राहा. सुईने माल ढकलत नेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी वाईट सवय आहे, त्याने खडी एकीकडे आणि सिमेंट दुसरीकडे जातं. कॉलम भरताना माल दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये, तेही याच कारणासाठी.

पाऊस आला तर काय, हे जूनमध्ये विचारायला नको, मे महिन्यातच वळवाचा येतो. प्लास्टिकचा कागद आणून ठेवा. अर्धवट टाकलेल्या स्लॅबवर सरी आल्या तर ताबडतोब झाका. पावसाचं पाणी साचलं असेल तर ते काढून टाका. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून रंधा मारणं हा उपाय नाही. कोरड्या सिमेंटचं ते टरफल पुढे सुटतं. पाऊस नसतानाही वर आलेलं पाणी सुकवायला असं सिमेंट टाकतात, तेही नको.

संध्याकाळ झाली. काम संपलं, सगळे खूश, फोटो निघाले. आता एक शब्द दुरुस्त करू. आपण विचारतो, "स्लॅब वाळला का?" स्लॅब वाळत नाही. वाळवणातले पापड वाळतात. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं, आणि ती क्रिया दिवसेंदिवस चालते. पाणी संपलं की क्रिया थांबते. म्हणजे स्लॅब वाळला तर तो कच्चा राहतो.

पहिला धोका त्याच संध्याकाळी असतो. गरम वारा असेल तर पृष्ठभाग आतल्यापेक्षा आधी सुकतो आणि तीन-चार तासांत बारीक भेगा पडतात. म्हणून रंधा मारून झाला, बोटाचा ठसा उमटेनासा झाला, की ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आळी बांधून पाणी भरायचं. किती दिवस? मानक म्हणतं साध्या ओपीसी सिमेंटला कमीत कमी सात, मिश्र सिमेंटला कमीत कमी दहा. आपल्याकडे घरासाठी दुकानात बहुतेक वेळा पीपीसी मिळतं, ते मिश्र सिमेंट. कडक उन्हातही दहाच धरा, आणि चौदा केलेत तर उत्तम. गोणीवर वाचा काय आहे ते.

पाण्याचा प्रश्न मला माहीत आहे. जिथे प्यायला टँकर, तिथे स्लॅबला कुठून आणायचं? हिशोब असा आहे: १००० स्क्वेअर फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साधारण ४७०० लिटर, मोठा एक टँकर. मग रोज उडेल तेवढी भर. ते शक्य नसेल तर गोणपाट भिजवून वर प्लास्टिक दाबून ठेवा, फार कमी पाण्यात काम होतं. सकाळ-संध्याकाळ पाइपने नुसतं शिंपडणं मात्र मे महिन्यात पुरत नाही. दुपारी दोनला वर जाऊन बघा, स्लॅब पांढरा पडलेला असेल. कॉलमला तर कुणीच पाणी मारत नाही. त्यांनाही गोणपाट गुंडाळायचं, सुतळीने बांधायचं.

ताई, तुमची सुट्टी सोमवारी संपेल, पण हे काम दोन आठवड्यांचं आहे. बाबांना किंवा शेजारच्या कुणाला तरी सांगून ठेवा आणि रोज दुपारचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

त्याच दिवशी काँक्रीटचे क्यूबही भरून ठेवायचे असतात, १५० मिलिमीटरचे ठोकळे. तीन क्यूबचा एक नमुना, आणि एवढ्या स्लॅबला दोन नमुने पुरतात. २८ दिवसांनी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा खासगी लॅबमध्ये दाबून बघतात. घराच्या एकूण खर्चात याचा खर्च किरकोळ आहे. आणि क्यूब भरणार आहेत हे दिसलं की मिक्सरवरचा हातही जपून पाणी टाकतो.

शेवटचं, सेंट्रिंग काढणं. ठेकेदाराला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, घाई त्याला असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी. बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस. हे आकडे ओपीसीचे. पीपीसी सावकाश ताकद धरतं, तेव्हा त्यात भर घाला आणि इंजिनिअरला विचारून तारीख ठरवा. ती तारीख खडूने कॉलमवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे वाद होत नाही. वर लगेच विटा आणि वाळूचे ढीग टाकू देऊ नका. टेकू काढायचे ते स्लॅबला मधून सुरू करून कडेकडे. गॅलरीला उलट, बाहेरच्या टोकाकडून आत भिंतीकडे. आत आधी काढले आणि टोकाचे ठेवले, तर गॅलरी टोकावर टेकते, मध्ये खाली वाकते, आणि खाली सळई नसते.

तुमच्या घराच्या स्लॅबचे फोटो, प्रश्न, मिस्त्रींशी झालेले संवाद, सगळं व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल बोलू, त्यावर खूप प्रश्न आलेत. भेटू या.